बस-सहायक, पुरुष, वय पन्नाशीचं

बाई, तुमच्या पुस्तकाचं पहिलं पान माझ्यासमोर आहे आणि त्यात एक चूक आहे. गेल्या शुक्रवारपर्यंत ती चूक माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. तुम्ही जाऊन तेवीस दिवस झाले. इतके दिवस मी नुसती रडत होते, ते सोपं होतं. आता हे पान आलंय.

तुमचे श्रीकांतराव गेल्या शुक्रवारी दुपारी आले. आमच्या इमारतीची लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद, चार जिने चढून आले आणि दारातच उभे राहून दम खाल्ला. तुमच्याशिवाय ते कधी आमच्याकडे आले नव्हते. मी म्हटलं, बसा, चहा टाकते. ते म्हणाले, "आपा, चहा राहू द्या. कपाटावरची ती निळी सूटकेस आठवते? हिनं पुस्तक पुरं केलं होतं हो. मला पत्ताच नाही. मी आपला बँकेतच बरा." हसायला गेले, पण ते हसू काही पुरं झालं नाही.

मग त्यांनी हे पान हातात दिलं. सगळं पुस्तक इंग्रजीत आणि हे एवढं एकच पान मराठीत. तुमच्या हातचं, अक्षर मुद्दाम मोठं काढलेलं, माझा मोतीबिंदू लक्षात ठेवून. तुम्ही लिहिलंय:

"हे पुस्तक एका बाईची माफी मागून सुरू करते. तिनं मला विश्वासानं सांगितलं ते मी लिहिलं. तिचं नाव, वय, ती बाई की पुरुष, सगळं बदललं. तरी या लहानशा देशानं तिला ओळखलं. तिची नोकरी गेली आणि एका मुलीची शाळा सुटली. दोन्हीचा दोष माझ्या लिहिण्याचा आहे."

मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा काय वाटलं सांगू? शरम नंतर आली. पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. अशी मी.

श्रीकांतराव म्हणतात मी लिहितेय हे दुसरी माणसंही वाचतील, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही मला सांगावं लागणार. कंटाळू नका. कंटाळलात की तुम्ही पेनाचं टोपण उघडबंद करायचा, टक टक, आणि मी जास्तच पाल्हाळ लावायची.

मी इथं आखातात, हवल्लीत राहते. गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. नवरा इथं ड्रायव्हर होता, तो गेला, आता मुलाच्या अकाम्यावर आहे, म्हणजे इथं राहायचा परवाना त्याच्या नावावर. मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं जे काही वाचायला आलं ते बसमध्ये. मी शाळेच्या बसवर मावशी होते, मुलांना चढवणारी-उतरवणारी. मुलं पुस्तकं सीटवर विसरतात. मी ती दुसऱ्या दिवशी परत द्यायची, पण त्याआधी रात्रभर माझ्याकडे असायची ना! चौथीचा भूगोल, सहावीचं विज्ञान, असं मिळेल ते. एका मुलाचं हिंदीचं पुस्तक मी तीन दिवस दाबून ठेवलं होतं, धडा राहिला होता म्हणून. त्या पोरानं मार खाल्ला असेल. अल्ला माफ करो.

आणि तुम्ही पुण्याच्या कॉलेजात शिक्षणशास्त्र शिकवणाऱ्या डॉक्टर. श्रीकांतरावांना इथल्या बँकेत नोकरी लागली आणि तुम्ही त्यांच्या अकाम्यावर आलात. तसं आलेल्या बाईला इथं नोकरी सहजासहजी करता येत नाही. पहिले सहा महिने भिंतींकडे बघत काढले, असं तुम्हीच सांगायचा. मग लेकीला, जुईला, बसवर सोडायला खाली येऊ लागलात आणि भिंतींच्या ऐवजी माझ्याकडे बघायला लागलात.

तुमचा पहिला प्रश्न अजून कानात आहे. "मावशी, तुमच्या हातातली तस्बीह नमाजाची की मुलांची?"

मी म्हटलं, दोन्हीची. पोर चढलं की एक मणी पुढे. शाळेत उतरताना परत मोजायचं. एखादा मणी उरला तर समजायचं, कुणीतरी मागच्या सीटखाली झोपलंय. यादी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असते, सकाळच्या घाईत ती कोण बघणार? आणि इथल्या उन्हात बंद बसमध्ये पोर राहिलं तर काय होतं ते सांगायला नको. म्हणून मी देवाच्या मण्यांवर मोजायची.

तुम्ही पिशवीतून वही काढलीत आणि हे लिहून घेतलंत. माझं बोलणं कुणी लिहून घ्यायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. घरी जाऊन मी युसुफला सांगितलं, तर तो म्हणाला, "अम्मी, जपून. लिहून कोण घेतं? पोलीस." मी त्याला चापट मारली.

मग तुम्ही रोजच यायला लागलात. जुई बसमध्ये चढली की तुम्हीही पायरीवर उभ्या राहून दोन प्रश्न विचारायचा आणि मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायचा. किती मुलं या वर्षी कमी झाली? कुठल्या इमारतीतली? बाप कुठं कामाला होता? मी सांगायची, कारण मला ठाऊक असायचं. पोर यायचं बंद झालं की पहिल्यांदा मणी माझ्या हातात अडकतो. शाळेला महिनाभरानं कळतं.

तुमचं म्हणणं मला समजायला वेळ लागला. तुम्ही म्हणायचा, देश एवढा लहान की एका दिवसात गाडीनं पालथा घालता येईल, पण त्यात शाळांच्या दोन रांगा आहेत आणि एका रांगेतल्या पोरांना दुसऱ्या रांगेतली पोरं दिसत नाहीत. इथल्या लोकांची पोरं त्यांच्या शाळांत. आपली पोरं आपल्या देशाचा अभ्यासक्रम असलेल्या शाळांत, जिथं नद्यांची नावं पाठ करायची आणि खिडकीतून बघायचं तर नदीच नाही. जी माणसं जाणारच आहेत त्यांच्या पोरांना हा देश काय शिकवतो, आणि ती पोरं या देशाला काय देऊन जातात, हा तुमचा प्रश्न. तुम्ही म्हणायचा, जो जाणार असतो तो तक्रार करत नाही, आणि तक्रार नाही म्हणून कुणाला वाटतं सगळं ठीक आहे.

मी म्हणायची, बाई, तक्रार करतो की! लिफ्टमध्ये करतो.

तुम्ही किती हसलात त्यावर. इथल्या लोकांची दिवाणिया असते, बैठक, जिथं पुरुष जमतात आणि गावच्या, राज्याच्या, शाळेच्या सगळ्या गोष्टी तिथं ठरतात. तुम्ही म्हणालात, "आपा, मग आपली दिवाणिया म्हणजे लिफ्ट." मी म्हटलं, हो, आणि ती बंद आहे. हे तुम्ही पुस्तकात घातलंय, श्रीकांतरावांनी मला वाचून दाखवलं. माझं नाव नाही. "एका माहितगारानं सांगितलं" असं आहे.

या नावावरून आपलं कायम वाजायचं. ते भांडण अर्धंच राहिलं.

रुमैथियाला गेलो होतो ते आठवतं? एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या घरी बायकांची बैठक होती आणि तुम्ही मला सोबत नेलंत. मी नवीन चपला घातल्या होत्या, त्या दारातच काढाव्या लागल्या. केवढा दिवाणखाना! चारी भिंतींना लागून गाद्या आणि मध्ये मोकळी जागा, जणू कुणी नाचणार आहे. मोठ्या मॅडमनी आधी मला गहवा, म्हणजे इथली कॉफी, दिला, नंतर तुम्हाला, कारण मी वयानं मोठी. तेवढ्यानं मी त्यांची झाले.

त्या म्हणाल्या, "माझ्या शाळेतली प्रत्येक मुलगी मला तिच्या आजोबांवरून माहीत होती. तुमची मुलं मात्र मी फक्त बसच्या काचेतून पाहिली." तुम्ही ते लिहून घेतलंत. मग त्यांनी तुमच्या वहीवर हात ठेवला. "डॉक्टर, नावं लिहू नकोस. आणि नाव नाही लिहिलंस तरी आम्ही ओळखू. हा देश असा आहे. इथं एखादीनं शिंक दिली तर तिची मावशी फोन करते." सगळ्या हसल्या. मीही हसले. तुम्ही हसला नाहीत.

तुम्ही घाबरलात त्या वाक्याला. परत येताना टॅक्सीत मला म्हणालात, "आपा, मी असं लपवीन की तुमचं तुम्हालाही ओळखू येणार नाही." आणि बाई, तसंच लपवलंत. ते मला तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही अगदी तसंच लपवलं होतं.

आता त्या मुलीचं.

तिचा बाप अम्गऱ्याला भंगाराच्या यार्डात सुपरवायझर होता. मराठवाड्याकडची माणसं, साधी. यार्ड बंद पडलं, मालक दिसेनासा झाला, सगळ्या कुटुंबाचा अकामा संपला. अकामा नाही म्हणजे ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणजे शाळेच्या यादीत नाव नाही. पोर आठ वर्षांची. नाव काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघते तर स्टॉपवर उभी, दप्तर पाठीला, पाण्याची बाटली तिच्या अर्ध्या उंचीची. आई मागे जिन्यात लपलेली. मी काय करणार? मी दार उघडलं. मणी पुढे सरकवला. यादीत एकेचाळीस, माझ्या हातात बेचाळीस. वर्गातल्या मिसनंही बघितलं न बघितलंसं केलं. चार महिने ती मागच्या बाकावर बसली. हजेरीत तिचं नाव पुकारलं जायचं नाही, तर ती स्वतःशीच हळूच "प्रेझेंट" म्हणायची. हे मिसनं मला सांगितलं आणि मी तुम्हाला.

तुम्ही ते ऐकून पेन खाली ठेवलंत. मग विचारलंत, "आपा, हे लिहू का?" मी म्हटलं, लिहा. हे विचारायला विसरला नव्हता तुम्ही. माफीच्या पानावर हेही लिहायला हवं होतं की विचारून लिहिलं होतं.

परदेशातल्या कुठल्याशा मासिकात तो लेख आला. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून मला मराठीत सांगत होता. मी बांगडे साफ करत होते. "बस-सहायक, पुरुष, वय पन्नाशीचं."

मी विचारलं, "हा कोण मेला?"

"तुम्ही, आपा."

"मला दाढी कशाला लावलीत?"

"कुणी ओळखू नये म्हणून."

"आणि कुणी ओळखावं असं मला वाटत असेल तर?"

तुम्ही हसलात, तुम्हाला वाटलं मी चेष्टा करतेय. बाई, मी चेष्टा नव्हते करत. ते मणी माझे, ते मोजणं माझं, हजेरीची गोष्ट माझी. मिसकडून माझ्याकडे आलेली, पण मी जपून आणलेली. दोन पानं भरून माझं बोलणं आणि ते सगळं कुठल्या तरी मिशीवाल्याच्या तोंडी! तुम्ही समजावलंत, "नाव लपवणं म्हणजे माणसाला जपणं." मी म्हटलं, "मंत्र्याचं नाव छापतात, प्रिन्सिपलचं फोटोसकट छापतात. जपायचं तेवढं माझंच का?" तुम्ही म्हणालात, यावर आपण नीट बोलू. बोललोच नाही.

मी झेरॉक्स मागितली. तुम्ही दिलीत आणि म्हणालात, "घरातच ठेवा हं." मी हो म्हटलं. इतकं शिकलात तुम्ही, पण माणसाच्या 'हो'वर फार पटकन विश्वास ठेवायचा.

ती झेरॉक्स आठवडाभर माझ्या पिशवीत होती, डब्याच्या खाली. इंग्रजी मला तेव्हा अक्षरं लावण्यापुरतं यायचं. पण ते वाक्य मी शोधून काढलं होतं, त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. दुपारी बसेस उभ्या असतात तेव्हा आम्ही सगळ्या मावश्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन बसायचो, एसी तिथंच होता. मी कागद काढून बघत होते. ट्रान्सपोर्टचे सर खुर्चीतून म्हणाले, "क्या हलीमाबी, अंग्रेज़ी पेपर उलटा तो नहीं पकड़ा?"

बाकीच्या हसल्या. रोजच्याच बायका, रोजचंच हसणं. मी एरवी सोडून दिलं असतं.

मी म्हटलं, "सर, इसमें मेरा लिखा है। बाहर के मुल्क में छपा है।"

त्यांनी हात पुढे केला. बोट फिरवत वाचलं. "इसमें तो आदमी लिखा है।"

"आदमी नहीं है, सर। मैं हूँ।"

बाई, ते म्हणताना मला काय वाटलं होतं ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही. मावश्या माझ्याकडे बघत होत्या. पंचवीस वर्षं मी त्या ऑफिसात जात होते, तोवर माझ्यासाठी कुणी खुर्ची सरकवली नव्हती. त्या दिवशी सरांनी सरकवली. आवाज मऊ केला. "अच्छा? और ये लड़की कौन है? बेचारी।"

मी खुर्चीत बसले. आणि सांगितलं. तिचं नाव सांगितलं, बापाचं यार्ड सांगितलं, कुठल्या स्टॉपवरून चढते, कुठल्या सीटवर बसते, सगळं. त्यांनी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. मला वाटलं, ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, जसं तुमच्या आलं होतं.

सर म्हणाले, झेरॉक्स काढून घेतो. मी म्हटलं, घ्या ना.

शाळा वाईट होती असं मी म्हणत नाही. बिनकागदाचं पोर वर्गात सापडलं तर त्यांच्या परवान्यावर आलं असतं. पण त्यांना तोवर माहीत नव्हतं ना! तुमचा लेख ते आयुष्यात वाचणार नव्हते. कोण वाचतं परदेशातलं मासिक? आणि वाचला असता तरी पन्नाशीचा पुरुष शोधत बसले असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला हुकूम आला की ती मुलगी चढता कामा नये. दार मीच बंद करायचं. ती स्टॉपवर होती. दोन वेण्या, रिबिनी लावलेल्या. मी दार अर्धंच उघडलं. ती म्हणाली, "आंटी, टुडे इज माय टेस्ट." मी म्हटलं, आज नको, बेटा. ती म्हणाली, "बट आय स्टडीड." मी दार लावलं. ड्रायव्हरनं गाडी हलवली. काचेतून बघितलं तर ती बसच्या मागे पळाली नाही की काही नाही, नुसती जागेवर उभी राहिली. बाटली दोन्ही हातांनी धरून. बसमध्ये एकेचाळीस मुलं होती आणि मी सगळ्या रस्त्यात एकही मणी सरकवला नाही.

महिनाअखेर मलाही कायमची रजा दिली. मिसला ताकीद मिळाली.

तुम्हाला जुईकडून कळलं. तुम्ही पळत आलात, केस ओले, ओढणी उलटी. "आपा, कसं कळलं त्यांना? कसं कळलं?" माझ्या घरात जिथं चपला काढतात तिथंच उभ्या होता.

मी तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. आणि त्या तोंडातून निघालं, "मोठ्या मॅडम म्हणाल्या होत्या ना, बाई. लहान देश आहे. ओळखतात."

तुम्ही फरशीवर बसलात. चपलांमध्ये. मी तुम्हाला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि तुम्ही मलाच म्हणत होता, "मला माफ करा, आपा." मी म्हटलं, जाऊ द्या. मी तुम्हाला म्हटलं, जाऊ द्या!

त्यानंतरची अकरा वर्षं तुम्ही दिलेली आहेत आणि मी खाल्ली आहेत. दुसरा शब्द नाही मला. आठवड्यातून तीन दिवस तुम्ही त्या मुलीला घरी शिकवायला जायचा, अंधाऱ्या खोलीत, टीव्हीचा आवाज कमी करून. मग परवाना संपलेल्यांना परत जायची मुदत मिळाली आणि ती माणसं गेली. पुढं एकदा तुम्ही फोन लावला होता. बाप म्हणाला, गावच्या शाळेत बसवली, पण पोरीला तिथली भाषा लिहिता येईना, दोन वर्षं मागे टाकली, मग तिनंच सोडली. लग्न ठरतंय, म्हणाला. तुम्ही फोन ठेवलात आणि मला म्हणालात, "सोळा, आपा. आत्ताशी सोळा." आणि पुस्तकाच्या कागदांची सूटकेस कपाटावर गेली.

आणि शुक्रवारी तुम्ही माझ्याकडे. दर शुक्रवारी. माझी नोकरी तुमच्यामुळे गेली म्हणून माझ्यासाठी पुस्तकं आणायची, मला लिहायला बसवायचं, काना-वेलांटी सुधारायची. तुम्ही म्हणायचा, "आपा, वाक्य सुरू केलंत की संपवा. मध्येच दुसऱ्या गल्लीत शिरू नका." आज हे जे मी लिहिते आहे त्यातलं प्रत्येक धड वाक्य तुमच्या त्या शुक्रवारांतलं आहे. तुम्हाला वाटत होतं तुम्ही काहीतरी भरून काढताय. मला ठाऊक होतं की भरून काढण्यासारखं तुमच्याकडे काही नाहीच, आणि तरी मी वही उघडून बसायची. तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसायची, हेही खरं. चहाबरोबर चिवडा करायची. जगात तुमच्याइतकं माझं कुणी ऐकून घेतलं नाही.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, "आपा, राग नाही ना?" मी म्हटलं, नाही. खरंच नव्हता. पण त्या 'नाही'नं तुम्हाला वाटलं मी तुम्हाला माफ केलं. तुमचा चेहरा सैल पडला. नर्स म्हणाली, आज पेशंट शांत झोपली. मी बाहेर येऊन जिन्यात बसले.

तुमच्या लोकांना इथं अग्नी देता येत नाही. माणूस गेला तरी त्याचे कागद पुरे व्हावे लागतात, अकामा रद्द व्हावा लागतो, मग पेटी विमानानं जाते. चार दिवस लागले. युसुफ त्या ऑफिसांतून फिरत होता श्रीकांतरावांबरोबर. तो घरी येऊन म्हणाला, "अम्मी, बाईंचं काम झालं." मला आधी कळेचना कुठलं काम.

गेल्या शुक्रवारी हे पान वाचून झाल्यावर मी श्रीकांतरावांना विचारलं, पुस्तकात पुढं काय आहे? ते म्हणाले, शेवटचं सगळं प्रकरण याच गोष्टीवर आहे. लहान देशात माणसाला लपवता येत नाही, नाव काढलं तरी तो ओळखला जातोच, म्हणून इथं शाळांबद्दल खरं कुणी बोलत नाही आणि बोललेलं कुणी लिहीत नाही. पुरावा म्हणून एक बस-सहायक आणि एक मुलगी.

म्हणजे माझी एक थाप तुमच्या पुस्तकाचा पाया झाली होती. खरं दडवून तुमचे शुक्रवार खाल्ले ते एक. पण तुम्ही एक-एक आकडा चार वेळा तपासायचा, एकदा तर बसमधली मुलं स्वतः पायरीवर उभ्या राहून मोजली होती. तुम्ही माझा शब्द तेवढा तपासला नाहीत.

मग मी त्यांना सांगितलं. खुर्ची सरकवल्यापासून सगळं.

ते गॅलरीत गेले. पाठ माझ्याकडे. तिथूनच म्हणाले, "मी तिला म्हणायचो, विसर आता. ती म्हणायची, कशी विसरू, माझ्या हातून झालंय. अकरा वर्षं. तुम्हाला एकदा बोलता आलं नाही?"

मी म्हटलं, "बोलले असते तर त्या यायच्या बंद झाल्या असत्या."

त्यांनी चपला घातल्या आणि गेले. जिन्यावरून त्यांची पावलं पार तळमजल्यापर्यंत ऐकू आली.

दोन दिवसांनी फोन आला. "हलीमाबी," म्हणाले. आपा नाही म्हणाले. "ते पान मी काढणार नाही, ते हिचं आहे. शेवटचं प्रकरणही तसंच ठेवतो. तुम्ही जे झालं ते लिहून द्या. हिच्या पानासमोर लावीन. वाचणारे काय ते ठरवतील."

मी म्हटलं, माझ्या नावानं लावा. ते म्हणाले, विचार करा, मुलाचा अकामा आहे. युसुफला विचारलं. तो म्हणाला, "अम्मी, इतकी वर्षं बाईंनी तुझं नाव लपवलं. आता तू तरी सांग."

तर बाई, तुमच्या पुस्तकातली दुरुस्ती. तुम्हाला आवडायची तशी, थोडक्यात.

तुमचं प्रकरण चुकलंय. देशानं ओळखलं नाही. तुम्ही घातलेला पडदा चांगला जाड होता, तो मी आतून बाजूला केला. तुम्ही कुणाचं काही घालवलं नाहीत. 'बस-सहायक, पुरुष' असं जिथं जिथं आहे तिथं हलीमा वाचावं, बाई, हवल्लीची.

मुलीचं नाव तुम्ही लिहिलं नव्हतं. मी एकदा सांगितलं होतं, खुर्ची मिळाली म्हणून. आता कुणी विचारलं तर सांगणार नाही.